ड्रॉइंगच्या बाई होताना



या पानावर आपण एरवी पीक-पाण्याचे बोलतो. हरभऱ्यावरची घाटेअळी, उसाचा खोडवा, ठिबकच्या नळ्या, हेच आपले विषय. आजचा विषय मात्र ड्रॉइंगचा आहे. होय, शाळेत शेवटच्या तासाला असतो तोच. "त्यात शेतकऱ्याचे काय?" असे म्हणून पान उलटू नका. तुमच्यापैकी बऱ्याच घरांत एखादे पोर असे असते की त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर गणितांपेक्षा बैलच जास्त निघतात. या पोराचे काय करायचे, हा प्रश्न आज ना उद्या आईबापांपुढे येतोच. तो एका घरापुढे आला आणि त्यात मीही थोडा गुंतलो, म्हणून लिहितो.

माझ्या कामाच्या भागात आटपाडीकडचे एक शेतकरी आहेत. दोन एकर डाळिंब, थोडी ज्वारी, दारात एक खिल्लार गाय आणि दोन म्हशी. टेंभूचे पाणी आल्यापासून बाग उभी राहिली. पण तेल्या रोगाने दोनदा दणका दिला, त्यामुळे हात नेहमी आखडता. त्यांची थोरली मुलगी बी. ए. झाली आणि हट्टाने सांगलीला कला शिक्षक पदविकेला गेली. लोक त्याला ए.टी.डी. म्हणतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. दुसरे वर्ष निम्मे झाले आणि एक चांगले स्थळ चालून आले. घर बागायती, मुलगा साखर कारखान्यात नोकरीला. त्यांचे म्हणणे एवढेच की शिक्षण आता पुरे झाले, माघात कार्य उरकून टाकू. पौषात बोलणी करत नाहीत म्हणून उत्तर द्यायला महिनाभराची सवड मिळाली, इतकेच.

त्या पौषात मला आठवडाभराच्या प्रशिक्षणासाठी सांगलीला जायचे होते. हे कळल्यावर गृहस्थ हुरड्याची पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, एवढं पोरीला द्या. आन् जरा बघून या, ती तिथं शिकतीया का नुसतं रंग खेळतीया. मला त्यातलं काय कळत न्हाई. तुमी सांगाल ते खरं."

मी कृषी पदवीधर. चित्रकलेतले मला तरी काय कळणार? पण एखादे पोर कष्ट करते की वेळ काढते, एवढे ओळखायला पदवी लागत नाही.

सोमवारी सकाळी फिरायला म्हणून कृष्णेच्या घाटावर गेलो तर ही मुलगी आधीच तिथे. सोबत तिच्या वर्गातली सात-आठ मुले-मुली. अंगात स्वेटर, मांडीवर फळी, फळीला चिमट्याने लावलेला कागद. समोर आयर्विन पूल. १९२९ साली झालेला हा पूल सांगलीकरांना घरच्या माणसासारखा आहे. पूर आला की पाणी किती चढले ते त्याच्याकडेच बघून विचारतात. नदीवर धुके होते आणि पुलाच्या कमानी अर्ध्याच दिसत होत्या. ही म्हणाली, "काका, ऊन वर आलं की धुकं जातं. वीस मिनिटांत रंग टाकायचा, नाहीतर उद्या परत यायचं." मला आपली वाफशाची गोष्ट आठवली. जमीन वाफशावर असते तो एकच दिवस, चुकला की गेला. साडेआठला कागद गुंडाळून मंडळी निघाली. मग दहा ते पाच कॉलेज. त्यात स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, फळ्यावरचे रेखाटन आणि शिवाय मुलांना शिकवायचे कसे याचे शास्त्र. खोलीवर परतल्यावर रात्री पाठाचे टाचण. तास चाळीस मिनिटांचा असला तरी कोणत्या मिनिटाला काय सांगणार, फळ्यावर काय काढणार, मुलांना काय विचारणार, हे सगळे आधी लिहून मंजूर करून घ्यावे लागते. मला हे नवीनच होते. ड्रॉइंगचा मास्तर म्हणजे फळ्यावर आंबा काढून "हे काढा" म्हणणारा, एवढीच माझी समजूत.

मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या सरांनी सगळ्यांना मिरजेला नेले, सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत. माझे प्रशिक्षण पाचला सुटले होते, मीही गेलो. तिथे जे पाहिले ते आपल्या वाचकांना सांगण्यासारखे आहे. तंबोऱ्याचा तो मोठा गोल भाग असतो ना, तो लाकडाचा नसतो. तो भोपळा असतो! कडू भोपळा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकलेला. तो वेलावर पुरता पिकू द्यायचा, वाळवायचा, मग आतला गर-बिया काढून कोरायचा. कवच जाड हवे, आकार एकसारखा हवा आणि कुठे चीर नको. शेतकऱ्याने वेलाखाली भोपळा नीट बसवला नाही तर तो एका अंगाने चपटा होतो आणि कारागीर तो बाजूला टाकतो. म्हणजे मैफलीत गवयाच्या मागे जो सूर लागतो त्यात आपल्या शेतकऱ्याचाही वाटा असतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मुलांनी तिथे बसून कारागिरांचे हात रेखाटले. नुसते हात. सर म्हणाले, चेहरा नंतर, आधी हत्यार धरलेला हात काढा. आमची मुलगी एका म्हाताऱ्या कारागिराच्या अंगठ्यापाशी पाऊण तास अडकून पडली होती. शेवटी त्यांनीच हसून चहा मागवला.

बुधवारी तिचा पाठ होता, सांगलीजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत, सातवीच्या वर्गावर. आमचे प्रशिक्षण त्या दिवशी दुपारनंतर होते. मुख्याध्यापकांना विचारून मी मागच्या बाकावर बसलो. शेजारी तिचे मार्गदर्शक सर, हातात निरीक्षणवही. पाठाचा विषय होता पान. हे काय, पान तर कोणीही काढते, असे मनात आले. पण तिने सुरुवातच वेगळी केली. पिशवीतून तऱ्हेतऱ्हेची पाने काढून प्रत्येकाच्या हातात एकेक दिले आणि पेन्सिली खाली ठेवायला सांगितल्या. "पाच मिनिटं काढायचं नाही. नुसतं बघायचं. शिरा मोजा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघा. पालथं करून बघा. कुठं फाटलंय, कुठं किडीनं खाल्लंय, तेपण बघा."

वर्ग गप्प झाला. चाळीस पोरे पानाकडे बघताहेत, असे दृश्य मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिले नव्हते. आम्ही शेतावर गेलो की शेतकऱ्याला हेच सांगत असतो, औषध मारायच्या आधी पान पालथे करून बघा. ऐकतात किती? बहुतेक जण दुकानात जाऊन "पानं पिवळी पडल्यात, काय तरी द्या" म्हणतात आणि दुकानदार देतो ते मारतात.

मग काढायला सुरुवात झाली. सवयीने बऱ्याच पोरांनी पणतीच्या आकाराचे, मधे रेघ असलेले, कॅलेंडरवरचे पान काढले. ती बाकाबाकांतून फिरत होती. खोडत नव्हती, रागावत नव्हती. हातातले पान कागदाशेजारी ठेवायची आणि विचारायची, "हे आणि हे एकच आहे का?" पोर बघायचे, जीभ चावायचे आणि स्वतःच खोडायचे. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाला द्राक्षाचे पान मिळाले होते. त्याचे आईबाप द्राक्षबागेत कामाला जातात हे मला मागाहून कळले. त्याने पानाचे पाच कोपरे नेमके काढले आणि वरच्या अंगाला पेन्सिल आडवी धरून फिकट फिकट डाग भरले. तिने विचारले, "हे काय रे?" तो म्हणाला, "भुरी हाय बाई. वरनं पांढरं पीठ बसलंय. केवडा असता तर वरनं पिवळा तेलकट डाग आन् मागनं पांढरं असतं. मी पालथं करून बघितलं, मागनं न्हाई."

वाचकहो, भुरी आणि केवडा यांतला फरक समजावून सांगायला आम्ही चित्रांचे तक्ते छापतो, मेळावे घेतो. त्यातून निम्म्या लोकांच्या लक्षात राहतो, निम्म्यांच्या नाही. आणि फरक कळला नाही तर भुरीचे औषध केवड्यावर जाते आणि हजारो रुपये पाण्यात. या पोराने तो फरक बघितला आणि हाताने काढला. आता तो जन्मात विसरणार नाही. कृषी महाविद्यालयात आम्हालाही किडींची आणि बुरशींची चित्रे वहीत काढावी लागत. तेव्हा तो जाच वाटे. पण आजही एखादी अळी ओळखताना मला पुस्तकातले वाक्य आठवत नाही, मी काढलेले चित्र आठवते.

सरांच्या वहीत काय शेरा पडला तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल साहेब नुसते कौतुकच करतात. पाठ सहा मिनिटे लांबला, फळ्यावर गर्दी झाली, मागच्या दोन बाकांकडे लक्ष कमी. ती परत येताना गप्पच होती. स्टँडवर उसाचा रस पोटात गेल्यावर एकदम म्हणाली, "काका, त्या पोराचं पान बघितलंत ना?" आणि मग सांगलीपर्यंत बोलणे थांबले नाही.

चित्र काढायला शिकणे आणि शेती यांचा संबंध काय, असे अजूनही कोणाला वाटत असेल तर याच सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीची हकीकत ऐका. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकायला गेले. पण त्यांच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नसत. रंग सुटले, पण रेघ सुटली नाही. ते यंत्रांची चित्रे काढायला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत तोच विषय शिकवणारे मास्तर झाले. म्हणजे ड्रॉइंगचेच मास्तर म्हणा ना! पुढे नोकरी सोडून बेळगावला त्यांनी कारखाना काढला आणि १९०३ साली लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी तेव्हा लोकांची समजूत, त्यामुळे नांगर पडून राहिले. तरी माणूस खचला नाही. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तुमच्या आजा-पणजाने ज्या नांगराने जमीन उलथली तो आधी कागदावर एका ड्रॉइंग मास्तरच्या पेन्सिलीने चालला होता.

आणि कुंडलची ती जमीन दिली कोणी? औंधच्या राजांनी. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. औंध आज सातारा जिल्ह्यात, कुंडल आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात. पण त्या काळी ही सगळी गावे त्यांच्याच संस्थानात होती. छोटे, दुष्काळी संस्थान. तरी या राजाने रामायणावर चित्रे काढून १९१६ साली चित्ररामायण छापले आणि १९३८ साली औंधच्या यमाई डोंगरावर वस्तुसंग्रहालय बांधले. वेदांचे पंडित सातवळेकर औंधात येऊन राहिले, तेही मूळचे जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार. त्यांचे चिरंजीव माधवराव सातवळेकर नामवंत चित्रकार झाले आणि पुढे महाराष्ट्राचे कला संचालक. आज खेड्यातले पोर ड्रॉइंगच्या परीक्षेला बसते ती परीक्षा याच कला संचालनालयाची.

गुरुवार-शुक्रवारचे फार सांगत नाही. कॉलेजचे वार्षिक प्रदर्शन शनिवारी होते, आणि लग्नघरात आदल्या दिवशी असते तशी तिथे धांदल. चित्रे कापणे, पुठ्ठ्यावर चिकटवणे, खळ शिजवणे, नावाच्या चिठ्ठ्या लिहिणे. रात्री अकराला मी हुरड्याची उरलेली पुडी द्यायला गेलो तर दहा-बारा जण जमिनीवर बसून भिंतीची मापे घेत होते आणि एक पोरगा गात होता. मुलीचे डोळे लाल, हाताला डिंक, ओढणीला निळा डाग. मी म्हटले, झोप की जरा. तर म्हणाली, "सुगीत कुणी झोपतं का काका? अंग मोडून येतं, पण खळ्यावरून उठवत नाही." शनिवारी प्रदर्शन भरले. तिचा पूल लागला, म्हाताऱ्या कारागिराचा हात लागला आणि तिने हट्ट धरून सातवीच्या मुलांची पानेही एका फळीवर लावली. भुरीचे पान मधोमध.

रविवारी हे सगळे विद्यार्थी औंधला संग्रहालय पाहायला जाणार होते. यमाईची पौषातली यात्रा आठवड्यावर आली होती. मी फोन करून मुलीच्या वडिलांनाही बोलावले; यमाई त्यांची कुलदेवता, तेव्हा निमित्तही होतेच. देवदर्शन करून उतरताना ते संग्रहालयाच्या दारात थबकले. म्हणाले, "लहानपणापासनं दरसाल डोंगर चढतोय साहेब. हितं आत कधी वळलो न्हाई." आत वरून येणाऱ्या उजेडात राजा रविवर्म्याची चित्रे, धुरंधरांची चित्रे. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे माता आणि बालक आहे. दूरदूरच्या देशांतून लोक जे बघायला येतात ते आपल्या खटाव तालुक्यातल्या डोंगरावर आहे आणि आपण नारळ फोडून खाली उतरतो.

मुलगी एका कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. वडिलांनी वही मागितली. पाने उलटता उलटता एके ठिकाणी थांबले. घरची खिल्लार गाय, आठवून काढलेली. बराच वेळ बघून म्हणाले, "शिंगं चुकल्यात बाय. खिल्लारीची शिंगं बुडाशी जवळजवळ असत्यात. हितं लईच लांब झाल्यात." तिने तिथेच खोडरबर काढला. बापलेक वहीवर वाकून बसले, आणि मी बाजूला झालो.

निघताना त्यांनी सरांना सरळ विचारले, "मास्तर, नोकरी लागंल का?" सरांनीही सरळ उत्तर दिले, आणि ते मला आवडले. पूर्वीसारख्या कायम जागा आता निघत नाहीत, हे त्यांनी लपवले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला शंभरावर मुले असतील तर कलेसाठी निदेशक सांगितला आहे, पण तो अर्धवेळ. बऱ्याच शाळांत जुना कलाशिक्षक निवृत्त झाला की तो तास भूगोलाच्या नाहीतर पी.टी.च्या शिक्षकाकडे जातो. हिच्या स्वतःच्या गावच्या शाळेत तसेच झाले आहे. ज्या मास्तरांनी हिला परीक्षांना बसवले त्यांची खुर्ची अजून रिकामी आहे. पदविका झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे अर्धवेळ काम, सुट्टीत परीक्षांचे वर्ग, श्रावणात गणपतीच्या मूर्तींचे रंगकाम, असे करत उभे राहावे लागेल. फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवणाऱ्यांचे काम गेले, तेव्हा तो आधारही धरू नका, असे ते म्हणाले. माझे मत विचाराल तर हे धोक्याचेच पीक आहे. पण डाळिंब तरी कुठे बिनधोक्याचे आहे?

वडील काही बोलले नाहीत. एस.टी.त बसल्यावर, पुसेसावळी गेल्यावर म्हणाले, "स्थळाला सांगतो, परीक्षा झाल्यावर बघू. थांबत असतील तर थांबतील." पुढचे मला ठाऊक आहे ते एवढेच की स्थळवाले थांबले नाहीत, आणि मुलगी उन्हाळ्यात परीक्षेला बसली.

आता तुमच्यासाठी थोडी कामाची माहिती. तुमच्या मुलाला-मुलीला चित्रांची आवड असेल तर सातवी-आठवीपासून इलिमेंटरी आणि ती पास झाल्यावर इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसवा. इलिमेंटरीला वस्तू समोर ठेवून काढलेले चित्र, आठवून काढलेले चित्र, नक्षीकाम, आणि भूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला मंडळाच्या नियमानुसार वाढीव गुण मिळतात. अर्ज शाळेमार्फतच जातात. तेव्हा जूनमध्ये शाळा उघडली की मुख्याध्यापकांना विचारा. शाळेत कलाशिक्षक नसेल तर पालक सभेत तो विषय काढा, जमले तर दहा पालकांच्या सहीने लेखी द्या. साहित्य फार लागत नाही. पेन्सिली, खोडरबर, कंपासपेटी, पाण्याच्या रंगांची एक पेटी आणि दोन कुंचले. सरावाला महागडा कागद आणू नका. गेल्या साली संपलेल्या कॅलेंडरांची पाठ कोरी असते, ती चुलीत घालू नका, पोरांना द्या.